अति, अतिशय, अत्यंत : ‘किती?’ या प्रश्नाचा दोनशे वर्षांचा इतिहास

१/ थ्रेड.
पावसाळ्यातली एक सकाळ. देवनारच्या आमच्या इमारतीत शेजारच्या काकूंनी दार वाजवले. हातातल्या मोबाइलवर पावसाचा इशारा उघडलेला. ‘‘अगं, आज ‘अति मुसळधार’ लिहिलंय. काल ‘अत्यंत मुसळधार’ होतं. म्हणजे आज जास्त की कमी? नातीला शाळेत पाठवू की नको?’’ मी तीनदा तो मजकूर वाचला. मला उत्तर देता आले नाही.

२/ उत्तर शोधताना लक्षात आले की हा प्रश्न हवामानाचा कमी आणि भाषेचा जास्त आहे. ‘अति’, ‘अतिशय’, ‘अत्यंत’, ‘फार’, ‘खूप’, ‘अगदी’ हे शब्द ‘किती?’ या प्रश्नाचे उत्तर देतात. व्याकरणात त्यांना परिमाणवाचक क्रियाविशेषणे म्हणतात. यातला कोणता शब्द कोणाच्या शेजारी बसतो, आणि इंग्रजीतल्या अशाच शब्दांशी गाठ पडल्यावर मराठीचे काय झाले, हा आजच्या थ्रेडचा विषय.

३/ प्रथम इंग्रजीकडे पाहू. ‘व्हेरी’ हा शब्द बहुतेक विशेषणांपुढे चालतो. मात्र थंडी कडाक्याची असेल तर इंग्रज माणूस ‘बिटरली कोल्ड’ म्हणतो. ‘डीपली कोल्ड’ म्हणत नाही. दिलगिरी ‘डीपली सॉरी’ असते, ‘हायली सॉरी’ कधीच नसते. शक्यता कमी असेल तर ‘हायली अनलाइकली’. तेथे ‘बिटरली’ चालत नाही. अर्थ सर्वत्र एकच, ‘पुष्कळ’. तरीही शब्दांची अदलाबदल होत नाही.

४/ ही सोयरीक व्याकरणाच्या नियमाने ठरत नाही, ती वहिवाटीने ठरते. म्हणूनच परभाषकाला ती सर्वांत उशिरा साधते. व्याकरण शुद्ध असते, शब्दार्थ बरोबर असतो, आणि तरीही ऐकणाऱ्याला वाक्य परके वाटते. इंग्रजी शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाने हा अनुभव कधी ना कधी घेतलेला असतो.

५/ हे शब्द मुळात आले कोठून? ‘व्हेरी’ हा जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘खरा’. खरेपणा सांगता सांगता तो ‘पुष्कळ’ सांगू लागला. त्याआधी प्राचीन इंग्रजीत ‘बलाने’ अशा अर्थाचा ‘स्वीद’ हा शब्द हेच काम करीत असे. पुढे तो नामशेष झाला. जर्मन भाषेतला ‘झेअर’, म्हणजे ‘फार’, आणि इंग्रजीतला ‘सोअर’, म्हणजे ‘दुखरा’, यांचे मूळ एकच. वेदनेचा शब्द मोजमापाचा झाला.

६/ मराठीची कथा वेगळी नाही. ‘फार’ हा संस्कृत ‘स्फार’ या शब्दापासून आला. त्याचा अर्थ विस्तीर्ण. ‘खूप’ फारसीतून आला. तेथे ‘खूब’ म्हणजे चांगला. चांगलेपणाचा शब्द आपल्याकडे विपुलतेचा झाला. इतका की आज आपण ‘खूप वाईट’ म्हणतो आणि त्यात काही विसंगती आहे असे कोणालाही वाटत नाही. ‘भयंकर आवडलं’ म्हणतानाही भयाचा लवलेश उरलेला नसतो.

७/ जोर देणारे शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात, त्यांची धार जाते, आणि मग पुढची पिढी नवा शब्द शोधते. २००३ साली रिका इतो आणि साली टॅग्लियामोंटे या संशोधकांनी इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘व्हेरी’चे प्राबल्य होते, तर तरुणांच्या तोंडी ‘रिअली’चे. म्हणजे ‘खरा’ अर्थाचा एक शब्द झिजला, आणि त्याची जागा घेणाराही ‘खरोखर’ याच अर्थाचा निघाला.

८/ याच यॉर्कमध्ये १७९५ साली लिंडली मरे या मूळच्या अमेरिकन गृहस्थाचे इंग्रजी व्याकरण छापले गेले होते. पुढची कित्येक दशके इंग्रजी शिकणाऱ्या जगाच्या मोठ्या भागाने वाक्याची चिरफाड करणे त्याच्याकडून शिकले. शब्दांच्या जाती आणि क्रियाविशेषणांचे प्रकार ही चौकट अशा पुस्तकांतून रूढ झाली, आणि ती मुंबई इलाख्यातही पोहोचली.

९/ मराठीचे छापील व्याकरण प्रथम परकीयाच्या हातून झाले. विल्यम केरी याने १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूर येथे ते प्रसिद्ध केले. मराठी माणसाने मराठीत लिहिलेले पहिले महत्त्वाचे व्याकरण म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’, १८३६. तेव्हा दादोबा अवघे २२ वर्षांचे होते. त्यांच्यापुढे एका बाजूला संस्कृतची परंपरा होती आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी व्याकरणाची नवी चौकट.

१०/ पण परिमाणवाचक शब्द या चौकटीत नीट मावत नाहीत. नाव ‘क्रियाविशेषण’, म्हणजे क्रियेबद्दल विशेष सांगणारे. आणि ‘फार उंच’ या शब्दांत क्रिया आहेच कोठे? येथे ‘फार’ हा विशेषणाला चिकटला आहे. शिवाय मराठीत यांतले काही शब्द लिंगवचनाप्रमाणे बदलतात. ‘बराच मोठा वाडा’, ‘बरीच मोठी खोली’, ‘बरेच मोठे घर’. अव्यय म्हणावे तर ते बदलू नये. इंग्रजी ‘व्हेरी’ला हा त्रास नाही, तो पुरुष, स्त्री, वस्तू कोणाहीपुढे तसाच उभा राहतो.

११/ म्हणजे इंग्रजीत ज्याची जात एक, ते काम मराठीत निरनिराळ्या जातींचे शब्द वाटून घेतात. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले तेव्हा आधीच्या वैयाकरणांची मते एकेक घेऊन तपासण्याचे काम त्यांनी केले. शब्दांच्या जाती नेमक्या कशावरून ठरवायच्या, हा त्या काळचा खरा वाद होता. आज शाळेत चार प्रकार पाठ करताना त्या वादाचा मागमूसही उरत नाही.

१२/ आता मराठीतल्या सोयरिकी पाहू. ‘अगदी’ आणि ‘खूप’ हे समानार्थी वाटतात. ‘खूप उंच’ ठीक आहे. पण ‘खूप रिकामा’? कान अडखळतो. ‘अगदी रिकामा’ मात्र सहज येते. उंचीला शेवट नसतो, ती वाढत जाते. रिकामेपणाला शेवट असतो. भांडे एकदा रिकामे झाले की त्याहून रिकामे होत नाही. ‘खूप’ वाढत्या चढणीवर चालतो, ‘अगदी’ टोकाला जाऊन पोहोचतो.

१३/ इंग्रजीतही हीच वाटणी आहे. ‘व्हेरी टॉल’ चालते. रिकाम्यासाठी मात्र ‘कम्प्लीटली’ किंवा ‘अॅब्सोल्यूटली’ लागते. दोन दूरच्या भाषा येथे सारख्या वागतात, कारण फरक जगातल्या गुणांच्या स्वरूपातच आहे : काही गुणांना कमाल मर्यादा असते, काहींना नसते. हा मुद्दा लक्षात ठेवा. पावसाकडे परत गेल्यावर तो लागणार आहे.

१४/ काही शब्द तर एकाच घरी नांदतात. ‘धादांत’ फक्त खोट्याच्या घरी; ‘धादांत खरे’ कोणी म्हणत नाही. ‘सपशेल’ पराभव, माघार, अपयश यांच्याबरोबर. ‘सपशेल विजय’ ऐकिवात नाही. ‘अतोनात’ बहुधा हाल आणि नुकसान यांच्या सोबतीने. ‘पार’ थकण्याबरोबर, मोडण्याबरोबर, बुडण्याबरोबर. ‘नितांत’ सुंदर किंवा गरज यांच्या शेजारी. ‘गाढ’ झोप आणि ‘दाट’ शक्यता. अदलाबदल करून पाहा, हसू येईल.

१५/ आणि मग मराठीचे खास वैभव : रंग आणि चवी. पांढराशुभ्र, काळाकुट्ट, हिरवागार, लालभडक, पिवळाजर्द, निळाशार, गोरापान. गोडमिट्ट, कडूजहर, आंबटढाण, तिखटजाळ. ओलाचिंब, कोरडाठाक, थंडगार, नवाकोरा. येथे ‘फार’ हा एकच अर्थ प्रत्येक विशेषणासाठी वेगळा शब्द घेऊन येतो. ‘हिरवाभडक’ किंवा ‘लालगार’ म्हणून पाहा. भाषा नकार देते.

१६/ यांतल्या काही जोड्या उकलल्या तर गंमत दिसते. ‘शुभ्र’ म्हणजेच पांढरा. पांढराशुभ्र म्हणजे पांढरा-पांढरा. फारसीत ‘जर्द’ म्हणजेच पिवळा. पिवळाजर्द म्हणजे पिवळा-पिवळा. ‘कडूजहर’मधले जहरही फारसी. एकच गोष्ट दोन भाषांतून दोनदा सांगायची, म्हणजे ‘पुष्कळ’ हा अर्थ आपोआप येतो. शतकानुशतके शेजारी राहिलेल्या भाषांनी अशा तऱ्हेने एकमेकींना जोर पुरवला.

१७/ ‘ठार’ हा शब्द पाहा. ठार बहिरा, ठार वेडा, ठार आंधळा. मृत्यूचा शब्द येथे ‘पूर्णपणे’ या अर्थी आला आहे. इंग्रजीत ‘डेड’ नेमके हेच करतो : ‘डेड टायर्ड’, ‘डेड ड्रंक’. दोन्हीकडे मृत्यू म्हणजे कमाल मर्यादा, त्यापुढे काही नाही. परंतु सोयरिकी वेगळ्या. इंग्रज थकव्यात मरतो, मराठी माणूस वेडात. ‘ठार थकलो’ आपण म्हणत नाही.

१८/ भाषांतर करणाऱ्यांची कसोटी येथेच लागली. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले; त्याच्या पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापलेला असे. त्याआधी १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला होता. १८४७ साली मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश आला, आणि १८५७ साली मोल्सवर्थच्या कोशाची सुमारे ६०,००० शब्दांची दुसरी आवृत्ती.

१९/ कोशात एका शब्दापुढे दुसरा शब्द लिहिता येतो. ‘व्हेरी’ म्हणजे फार, ‘एक्स्ट्रीमली’ म्हणजे अत्यंत. पण शब्दाचे शेजारी कोशाच्या रकान्यात सहज मावत नाहीत. इंग्रजी वाक्य समोर ठेवून मराठी लिहिणाऱ्याची पिढी तयार झाली, तसतसे ‘अत्यंत’ आणि ‘अतिशय’ हे कोठेही बसणारे शब्द छापील मराठीत सोयीचे झाले. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करताना विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पहिलाच निबंध मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवर लिहिला, तो उगीच नव्हे.

२०/ शब्दांच्या या शेजारधर्माला शास्त्रात स्थान मिळाले ते विसाव्या शतकात. हॅरल्ड पामर या इंग्रज शिक्षकाने टोकियोत जपानी विद्यार्थ्यांना शिकवताना इंग्रजी शब्दजोड्यांची मोठी यादी १९३३ साली प्रसिद्ध केली. परभाषकाला नेमके काय अडते, हे त्याला वर्गातच उमगले होते. त्याचा सहकारी हॉर्न्बी याने पुढे जो शब्दकोश केला, त्याचे वारस आज आपल्या शाळकरी दप्तरांत असतात.

२१/ आणि या कल्पनेला सैद्धांतिक रूप देणारा जे. आर. फर्थ हा १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला, पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता. शब्दाचा अर्थ त्याच्या नेहमीच्या सोबत्यांवरून कळतो, हा त्याचा विचार पुढे १९५० च्या दशकात मांडला गेला. लाहोरच्या वर्गात त्याला काय ऐकू आले असेल, याची कल्पनाच करता येते. इंग्रजीची ही वाट मोठ्या प्रमाणात इंग्रजीच्या घराबाहेर चालली गेली, एवढे मात्र खरे.

२२/ इथपर्यंतची कथा शब्दांच्या स्वभावाची. यानंतरची सत्तेची. कारण शासनाला ‘फार’ पुरत नाही. त्याला ‘फार म्हणजे किती’ ठरवावे लागते. १८०५-०६ च्या सुमारास ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्टने वाऱ्याच्या जोराची श्रेणी बनवली. मंद झुळूक, जोराचा वारा, वादळ या सैल शब्दांना त्याने क्रमांक दिले, जेणेकरून दोन जहाजांवरचे दोन अधिकारी एकाच वाऱ्याला एकच नाव देतील. परिमाणवाचक शब्दाला खिळा ठोकण्याचा हा गाजलेला प्रयत्न.

२३/ भारतीय हवामान विभाग १८७५ साली स्थापन झाला. त्याच्या आजच्या व्याख्येनुसार २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘हेवी’, ११५.६ ते २०४.४ म्हणजे ‘व्हेरी हेवी’, आणि त्यापुढे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. मराठीत सहसा मुसळधार, अति मुसळधार, अत्यंत मुसळधार. काकू, तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे : कालचा ‘अत्यंत’ मोठा होता, आजचा ‘अति’ त्याहून एक पायरी खाली.

२४/ पण काकूंची चूक नव्हती. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो, म्हणजे जड. मराठीत ‘जड पाऊस’ होत नाही, म्हणून शेजाराचा मान राखून ‘मुसळधार’ आले. आता मुसळधार म्हणजे मुसळाएवढ्या जाड धारांचा. ही प्रतिमा आधीच टोकाची आहे. इंग्रजी ‘हेवी’ ही चढणीची पहिली पायरी. मराठी ‘मुसळधार’ हा जिन्याचा शेवट. त्या शेवटावर ‘अति’ आणि ‘अत्यंत’ असे आणखी दोन मजले चढवले गेले.

२५/ त्यातही ‘अति’ मोठा की ‘अत्यंत’, हे रोजच्या मराठीने कधी ठरवलेलेच नाही. ‘अत्यंत’ म्हणजे अति अधिक अंत, शेवटाच्या पलीकडचा; संस्कृत जाणणाऱ्याला क्रम लागेल. पण आपल्या बोलण्यात अति, अतिशय आणि अत्यंत एकमेकांच्या जागी खुशाल येतात. इशारा वाचून पाच मिनिटांत निर्णय घेणाऱ्याकडून संधिविग्रहाची अपेक्षा कशी करायची? पिवळा, नारिंगी, लाल हे रंग म्हणूनच कामाचे ठरले. ते केवळ मिलिमीटरवर ठरत नाहीत, संभाव्य परिणामही त्यांत धरलेला असतो. मात्र त्यांचा क्रम कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

२६/ आता सर्वांत चमत्कारिक गोष्ट. राज्याच्या महसूल खात्याच्या लेखी एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती ‘अतिवृष्टी’. म्हणजे ७० मिलिमीटर पाऊस पडला, तर हवामानाच्या मराठीत तो नुसता ‘मुसळधार’, ‘अति’ नव्हे; आणि महसुलाच्या मराठीत तोच ‘अति’. एकाच पावसाला दोन खाती दोन मात्रा लावतात, आणि ‘अति’ हा उपसर्ग दोन ठिकाणी दोन आकडे सांगतो.

२७/ ‘अतिवृष्टी’ हा शब्द इंग्रजीचे भाषांतर नाही. शेतीवरची संकटे मोजणाऱ्या जुन्या संस्कृत यादीत अतिवृष्टी, अनावृष्टी, उंदीर, टोळ, पोपट आणि सीमेवर आलेले शत्रुराजे अशी नावे येतात. तेथे ‘अति’ म्हणजे पिकाला सोसवेल त्याहून अधिक. माप शेताचे होते, पर्जन्यमापकाचे नव्हते. आज त्या ‘अति’ला आकडा चिकटला आहे. पीक सारखेच आडवे झालेले असले, तरी मंडळाच्या पर्जन्यमापकात ६० आले की ७०, यावर तो शब्द लागू होतो किंवा होत नाही. शब्द लागू झाला तर पंचनामा, नुकसान ३३ टक्के किंवा अधिक भरले तर मदत.

२८/ ही विसंगती शासनालाही जाणवली असावी. दहा दिवस रोज थोडा थोडा पाऊस पडून सोयाबीन कुजले, तर अतिवृष्टी एकाही दिवशी होत नाही. एप्रिल २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ ही स्वतंत्र नैसर्गिक आपत्ती मानण्याचा निर्णय घेऊन तिचे निकष ठरवले. मराठीला हा पाऊस ठाऊक होताच. संततधार, झड, पिरपिर ही त्याचीच नावे. ‘किती’ या प्रश्नाला ‘किती जोराने’ आणि ‘किती वेळ’ अशी दोन उत्तरे असतात, हे बोलीने आधीच नोंदवून ठेवले होते.

२९/ दुष्काळाचेही तेच. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनंतर ‘मध्यम’ आणि ‘गंभीर’ अशा श्रेणी आल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांत ११२ तालुक्यांत गंभीर आणि ३९ तालुक्यांत मध्यम. ‘मध्यम दुष्काळ’ ही शब्दजोडी मराठी कानाला खटकते, कारण आपल्या लेखी दुष्काळ हा रिकाम्या भांड्यासारखा असतो : पडतो किंवा पडत नाही. शासनाला मात्र त्याची चढण करावी लागते.

३०/ मुंबईतली उदाहरणे घराच्या भिंतीवरच आहेत. महापालिकेच्या वर्गवारीत ‘सी-१’ इमारत म्हणजे अतिधोकादायक; ती रिकामी करून पाडायची असते. त्याखालच्या वर्गांत दुरुस्तीचा मार्ग असतो, काहींत तर घर न सोडता. धोकादायक आणि अतिधोकादायक यांच्यामध्ये दोन अक्षरे आहेत, आणि त्या दोन अक्षरांवर एखाद्या कुटुंबाचा मुक्काम अवलंबून असतो.

३१/ आमच्या देवनारला हवेचे विशेषणही परिचयाचे. येथले कचऱ्याचे क्षेपणस्थळ १९२७ पासूनचे. जानेवारी २०१६ च्या अखेरीस तेथे मोठी आग लागली आणि धुराने पूर्व उपनगरे झाकोळली. त्याच्या आदल्याच वर्षी देशात हवेच्या गुणवत्तेचा राष्ट्रीय निर्देशांक लागू झाला होता. त्यात ३०१ ते ४०० म्हणजे ‘व्हेरी पुअर’, अर्थात अतिशय वाईट. इंग्रजीत हवा ‘पुअर’ असू शकते, मराठीत हवा ‘गरीब’ होत नाही, म्हणून ‘वाईट’. येथे भाषांतरकाराने शेजार बरोबर ओळखला.

३२/ आणि टोकाच्या शब्दाचे काय? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला सुमारे ७३. व्याख्येप्रमाणे ‘अत्यंत’ची सुरुवात २०४.५ ला होते. सांताक्रूझचा पाऊस त्याच्या साडेचार पटींहून अधिक होता. शब्द मात्र तोच, ‘अत्यंत’. २१० मिलिमीटरलाही अत्यंत आणि ९४४ लाही अत्यंत. रिकाम्या भांड्याला शेवट असतो; पावसाला नसतो. बाराव्या पोस्टमधला फरक येथे जीवनमरणाचा होतो.

३३/ म्हणून माझे मत असे. भाषांतरित इशारा लिहिताना ‘व्हेरी’ला अति आणि ‘एक्स्ट्रीमली’ला अत्यंत असे शब्दास शब्द लावणे पुरेसे नाही. या शब्दांचा परस्परांतला क्रम मराठी माणसाच्या कानाला लागतो का, हे पाहिले पाहिजे. लागत नसेल तर आकडा द्यावा, रंग द्यावा, आणि काय करायचे ते साध्या वाक्यात लिहावे : ‘आज दुपारनंतर घराबाहेर पडू नका.’ या वाक्यात परिमाणवाचक क्रियाविशेषण एकही नाही.

३४/ त्या सकाळी मी काकूंना शेवटी रंग विचारला. नारिंगी होता. ‘‘मग नको पाठवायला,’’ त्या म्हणाल्या आणि नातीचे दप्तर पुन्हा खुंटीला लागले. व्याकरणाचा प्रश्न माझ्याकडे राहिला, तो आज तुमच्यापुढे ठेवला.

३५/ थ्रेड येथे संपतो. आपल्या भागात पावसासाठी, चवीसाठी किंवा रंगासाठी अशा कोणत्या खास जोड्या आहेत, त्या जरूर लिहा. विदर्भ, खानदेश, कोकण, सीमाभाग, सगळीकडच्या हव्या आहेत. आजीच्या तोंडी ‘फार’ अधिक होते की ‘खूप’, हेही आठवून सांगा. काही चूक आढळल्यास निःसंकोच दाखवावी, दुरुस्त करीन.